राखीव नमुने

"एक अख्खा दिवस, एक अख्खं शहर, आणि प्रयोगशाळेचं नाव काढायचं नाही," असं वचन डबीरावांनी बायकोला विमानतळावरच देऊन टाकलं. ते इतक्या ठाम आवाजात दिलं, की क्षणभर त्यांना स्वतःलाही खरं वाटलं.

डबीराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, आणि उमेदीची सात वर्षं बोटाएवढ्या डब्यांत सार, दूध, लोणची भरून वर चिठ्ठ्या डकवण्यात गेली होती. नाव सहकाऱ्यांनी पाडलं, बायकोने ते कायम केलं. तिथे एक नियम होता. तपासायला आलेल्या प्रत्येक पदार्थाचा थोडा भाग वेगळा काढून ठेवायचा. त्याला म्हणायचं राखीव नमुना. उद्या कोणी आजारी पडलंच, तर निदान काय खाल्लं होतं ते तरी हातात असतं.

लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत डबीरावांच्या हातात काहीच नव्हतं. रस्त्याकडेच्या एका गाडीपाशी त्यांनी नुसता वास घेतला, "चालेल" म्हणाले, आणि बायको तीन दिवस सलाइनवर पडली. डॉक्टरांनी विचारलं, काय काय खाल्लं होतं? डबीराव छताकडे बघत आठवत बसले. सासूबाई शेजारी मोसंबं सोलत होत्या. "जावईबापू जगाचं अन्न तपासतात," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "बायकोचं तेवढं विचारू नका." ते वाक्य डबीरावांना आजवर पचलेलं नव्हतं.

म्हणून आता, परदेशातलं आठवड्याचं प्रशिक्षण संपवून ते बायकोला तिथल्याच विमानतळावर घ्यायला आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत सहा रिकाम्या डब्या, एक चिमटा, बिस्किटांचे दोन पुडे आणि एक छोटी वही होती. बायकोला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती तिसरीच्या वर्गाची बाई. तिचा बेत फळ्यावर लिहिल्यासारखा स्वच्छ होता. दिवसभर जे दिसेल ते खायचं, आणि साडेपाचला शहरातल्या सगळ्यात उंच मनोऱ्यावर जाऊन साठाव्या मजल्यावरून सूर्य बुडताना बघायचा.

"दोघांनी," ती म्हणाली. "तिकिटं काढलीत. वेळ चुकली तर गेली. आणि तू मोबाइलमध्ये तोंड घालून बसायचं नाहीस."

शहर मोठं होतं आणि ते सकाळी दहालाच उकळत होतं. गल्लीगल्लीत वाफा, तव्यांचे आवाज, उघड्यावर मांडलेले मासे. बायकोला रंग दिसत होते. डबीरावांना हात दिसत होते. ज्या हाताने पैसे घेतले त्याच हाताने कोथिंबीर भुरभुरणारा हात. फडक्याला पुसलेला हात, आणि ते फडकं. 

पहिल्या दुकानात साराचे दोन वाडगे आले. बायको हात धुवायला गेली, तेवढ्यात डबीरावांनी एक चमचा सार डबीत घेतलं, झाकण फिरवलं, चिठ्ठी डकवली. मग दोन बिस्किटं तोंडात कोंबली. ती परतली तेव्हा ते तिच्या वाडग्यात स्वतःचं सार ओतत होते.

"अरे, तुला?"

"तुला आवडतं ना. घे."

बायको त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि या माणसाने आजवर भज्यांतलं शेवटचं भजंसुद्धा सोडलं नव्हतं.

हे प्रेम होतं असं डबीरावांचं स्वतःचंही मत होतं. पण प्रयोगाची शिस्त वेगळी. दोघंही आजारी पडले तर दवाखान्यात नेणार कोण? एकाने ठणठणीत राहायलाच हवं. तासाभराने एका जुन्या पुलावर त्यांनी हळूच विचारलं, "कसं वाटतंय?"

"छान वाटतंय," ती लाजली. "तू असं कधी विचारत नाहीस."

तळलेल्या माशानंतरही त्यांनी विचारलं. भाताच्या वड्यांनंतर विचारलं, फळांच्या कापांनंतर विचारलं, दुधाच्या गोड पदार्थानंतर तर दोनदा विचारलं. दर वेळी आपलं ताट तिच्या ताटात रिकामं केलं. वस्तुसंग्रहालयात तिने त्यांचा हात धरला. बागेत तळ्याकाठी ती म्हणाली, "असा दिवस आपल्याला आधी का नाही सुचला रे?" डबीरावांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तिने डोळे मिटून घेतले.

सव्वापाचला ते मनोऱ्याच्या दाराशी पोचले. तिथे सामानाची तपासणी होती. बायको पलीकडे गेली. डबीरावांची पिशवी यंत्रात शिरली आणि पट्टा थांबला.

तपासणीवरच्या अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी पाच भरलेल्या डब्या काढून टेबलावर एका रांगेत मांडल्या. मग चिमटा. मग वही. लिपी वाचता येईना, म्हणून त्यांनी मोबाइल पानावर धरला. हल्लीचे मोबाइल कुठल्याही भाषेतलं वाचून आपल्या भाषेत सांगतात. डबीरावांना विज्ञानाच्या या प्रगतीचं कालपर्यंत फार कौतुक होतं.

पानावर लिहिलं होतं:

"१. सार. बायकोला दिले १०:०५. परिणाम नाही.

२. मासा. बायकोला दिला ११:४०. बराच संशय. परिणाम नाही.

३. वड्या. माझा भागही तिलाच दिला. परिणाम नाही.

४. फळे. परिणाम नाही.

५. दूध. दुप्पट दिले. अजूनही परिणाम नाही. तिला काही कळलेले नाही."

अधिकारी बाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. मग दाराकडे बघून नुसती मान हलवली. दोन दणकट शिपाई येऊन डबीरावांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले.

 या देशाच्या भाषेत डबीरावांना तीनच शब्द येत होते: नमस्कार, पाणी आणि धन्यवाद. वकील याला काय म्हणतात, हे प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. त्यांना कोठडी दिसली. कोठडीतलं जेवण दिसलं. ते वाढणारा हात दिसला.

डबीरावांना डब्या-वहीसकट शेजारच्या खोलीत बसवलं. बायकोलाही तिथेच आणलं, एका पोलीस बाईने तिच्या खांद्यावर मायेने हात ठेवला आणि पाण्याचा पेला दिला. अधिकारी बाई मोबाइलमध्ये बोलल्या आणि मोबाइल मराठीत म्हणाला, "घाबरू नका. तुम्ही आता सुरक्षित आहात. हा माणूस तुम्हाला काय देतो?"

"कोण माणूस?" बायको म्हणाली. मग तिची नजर वहीवर गेली. तिने ती ओढून घेतली आणि उत्तरपत्रिका तपासावी तशी ओळीवर बोट ठेवून वाचली.

"राखीव नमुने आहेत," डबीराव पुटपुटले. "तुला काही झालं असतं तर... त्या वेळी डॉक्टरांना मला काही सांगता आलं नव्हतं."

"म्हणून दर तासाला विचारत होतास? कसं वाटतंय म्हणून?"

"हो."

"आणि कपाळाला हात?"

"ताप."

तिने वही मिटली. "दिवसभर मी काय समजत होते माहितीये? जाऊ दे. तू काय खाल्लंस आज?"

"बिस्किटं."

"कधी?"

"तू हात धुवायला गेलीस की."

बायको गप्प झाली. वर्गात ती गप्प झाली की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा सरळ बसतात, असं डबीरावांनी ऐकलं होतं. ते सरळ बसले.

मग ती मोबाइलकडे वळून सावकाश म्हणाली, "हे माझे पती आहेत. अन्न तपासतात. डब्यांत विष नाही, आम्ही खाल्लेलंच आहे. म्हणजे मी."

अधिकारी बाईंनी ऐकलं, विचार केला, आणि मोबाइलने निकाल सांगितला: "विष नाही, तर यांनी खाऊन दाखवावं."

डबीरावांनी डब्यांकडे बघितलं. पिशवीत चौतीस अंशांची ऊब. वीस मिनिटांत एका जंतूचे दोन, दोनांचे चार. पहिली डबी सात तासांपूर्वीची. त्यांच्या डोक्याने आपोआप गुणाकार सुरू केला आणि आकडा पानाबाहेर जाऊ लागला.

"बाई, हे आता खाण्यालायक नाही हो," ते कळवळून म्हणाले. मोबाइलने त्याचं भाषांतर केलं, आणि दोन्ही शिपाई एक एक पाऊल जवळ आले.

"पाच वाजून छत्तीस झालेत," बायको म्हणाली. "आत सोडायची शेवटची दहा मिनिटं. मी वर एकटी जाणार नाही. आणि तुला तुरुंगात डबाही आणून देणार नाही. खा."

डबीरावांनी खाल्लं. सार, मासा, वड्या, फळं, दूध, याच क्रमाने, चिमट्याने. डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन. अधिकारी बाईंनी पाच मिनिटं घड्याळ लावून त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं, पिशवी परत दिली, आणि बायकोच्या हातात गुपचूप स्वतःचा फोन नंबर दिला.

लिफ्ट साठ मजले चाळीस सेकंदांत चढली. डबीरावांचं पोट चाळिसाव्या मजल्यावर राहिलं. वर पोचताच ते घामाघूम होऊन समोरच्या स्वच्छतागृहात धावले. मागे काचेपलीकडे अख्खं शहर लाल झालं होतं.

दारावर टकटक झाली. "काय रे, कुठल्या डबीने घोटाळा केला?"

 डबीराव भित्रे असतील, पण शास्त्राशी बेइमानी त्यांनी कधी केली नव्हती. "कुठल्याच नाही," ते म्हणाले. "खाऊन बारा मिनिटं झालीत. इतक्या लवकर जंतूंना काही करता येत नाही. कमीत कमी तास तरी लागतो."

"मग हे काय आहे?"

"नुसती भीती आहे."

"मग बाहेर ये. भीतीला तिकीट लागत नाही, तिलाही आण. सूर्य अजून बोटभर उरलाय."

ते आले. काचेला नाक लावून दोघांनी उरलेला बोटभर सूर्य बुडताना बघितला. मग ती शेजारच्या खिडकीवरून एक ताटली घेऊन आली. त्यात काय होतं, ते कधी शिजवलं, वाढणाऱ्याने हात धुतले होते का, यातलं काहीही डबीरावांनी विचारलं नाही. अर्धं तिने खाल्लं, अर्धं त्यांनी. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांना घासाची चव लागली. भीती खरोखरच गेली होती. पोटही शांत झालं होतं. उतरताना लिफ्टमध्ये ते चक्क गुणगुणले.

जंतू मात्र वेळेचे पक्के. दीड तासाने परतीच्या बसमध्ये, गच्च गर्दीत, पुढचा थांबा दोन किलोमीटरवर असताना, डबीराव एकाएकी खांब धरून वाकले आणि त्यांचा चेहरा दुधासारखा पांढरा पडला.

बायकोने घंटेची दोरी ओढत त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ही पण भीतीच का रे?"

"नाही," डबीराव दात आवळून म्हणाले. "हे शास्त्र."