केसोपंतांच्या तीन पकडी

मुलांनो, एका जंगलात केसोपंत नावाचं एक मध्यमवयीन अस्वल राहत होतं. एकदा मधाचं पोळं काढायला झाडावर चढताना ते अर्ध्यावरून खाली आले. थेट पाठीवर. तेही सगळ्या शेजाऱ्यांदेखत.

तेव्हापासून मध त्यांची बायको यमुनाबाई काढू लागली. केसोपंत खाली उभे राहून "जरा डावीकडे, डावीकडे" म्हणत. हे त्यांच्या मनाला फार लागे.

"पाठ कमावतोच आता," असं म्हणून त्यांनी व्यायामशाळेत नाव घातलं.

तिथे घोरपडबाई शिकवत. त्यांनी फांदी दाखवली. "लोंबकळायचं आणि हनुवटी फांदीच्या वर न्यायची. तळवे पुढे करून हात एकमेकांपासून लांब धरलेत, तर पाठ रुंद होते. तळवे स्वतःकडे वळवलेत, तर दंड मदतीला येतात, जरा सोपं जातं. दोन शेजारच्या फांद्यांवर तळवे समोरासमोर धरलेत, तर खांद्यांना आराम."

केसोपंतांनी पहिली पकड घेतली. ते जेमतेम चार बोटं वर गेले आणि थरथरू लागले.

"पकड चुकतेय," ते खाली उतरून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुसरी घेतली. ती मनगटाला मानवेना. तिसरी त्यांना फार सुखाची वाटली, म्हणून तिचा संशय आला. मग ते पुन्हा पहिलीवर आले.

चार महिने असे गेले. केसोपंतांचा अभ्यास मात्र दांडगा झाला. सशांना गोळा करून ते पकडीतल्या अंगठ्यावर तासभर बोलत. एकदा एक लंगूर बोलणं ऐकता ऐकता बारा वेळा वर जाऊन आला.

"अंगठा चुकतोय तुझा," केसोपंत त्याला म्हणाले.

एके सकाळी यमुनाबाई व्यायामशाळेत आली. "अहो, एकदा दाखवा की!"

केसोपंत लोंबकळले. चार बोटं वर गेले. "थांब हं, पकड बदलतो." बदलली. पुन्हा चार बोटं. तिसरीही झाली. शेवटी ते वाळत घातलेल्या घोंगडीसारखे नुसते लटकत राहिले. ससे टक लावून बघत होते. केसोपंतांना आधी रडू येईलसं वाटलं, मग एकदम हसू फुटलं.

"अगं, पाठीविषयी मला सगळं ठाऊक आहे," ते म्हणाले. "फक्त पाठीला अजून कळवलेलं नाही!"

यमुनाबाईही हसली. तिने खाली वाकून त्यांचे दोन्ही पाय धरले आणि वर रेटले. केसोपंतांची हनुवटी फांदीच्या वर गेली. पहिल्यांदाच.

"ही कोणती पकड?" घोरपडबाईंनी विचारलं.

"बायकोची," केसोपंत वरून म्हणाले.

तात्पर्य : व्यायामात पकड फार महत्त्वाची. वर जाता येत नसेल तर ती बदलत राहावी, म्हणजे दोष नेहमी पकडीचाच राहतो. प्रस्तुत लेखकाला पकडीचे सात प्रकार ठाऊक आहेत.