बेचाळीस इंच आणि वर माया

मास्तरांच्या तोंडून "माप चुकलं" हे दोन शब्द आजवर कुणी ऐकले नव्हते. पॅन्ट आखूड झाली तर गिऱ्हाइकाची उंची वाढलेली असे, कोट घट्ट झाला तर गिऱ्हाइकाचं खाणं वाढलेलं असे, आणि एक बाही दुसरीपेक्षा लांब झालीच तर ते गिऱ्हाईक मुळात वाकडंच उभं राहत असे. एक्केचाळीस वर्षं मास्तरांनी अख्ख्या गावाचे कपडे शिवले. दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती, तरी गळ्यातला टेप आणि कानावरची पेन्सिल जागची हलली नव्हती.

अशा माणसाच्या घरामागे पोहण्याचा तलाव खोदायचं ठरलं.

कारण होतं मास्तरीणबाईंचे गुडघे. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गुडघे दाबून, वाकवून पाहिले आणि सांगितलं की औषधं पुरे झाली, आता छातीइतक्या पाण्यात रोज तासभर चाला. गावातला तलाव लांब, त्यात शाळेच्या मुलांचा धिंगाणा. तेव्हा सून म्हणाली की घरामागे जिथं पूर्वी आठ शिलाई मशिनांची शेड होती ती जागा रिकामीच पडली आहे, तिथं आपला छोटा तलाव बांधू. ती लगेच एक रंगीत पत्रकही घेऊन आली. त्यात तयार तलावांची चित्रं होती, आणि खोली आधीच छापलेली होती.

मास्तरांनी ते पत्रक दोन बोटांनी उचललं आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं.

"रेडीमेड?" ते म्हणाले. "या घरात?"

झालं! खोलीचं खातं मास्तरांकडे गेलं. त्यांनी जाहीर केलं की तलाव म्हणजे तरी काय, पाण्याचा कपडाच, आणि तो बायकोच्या अंगावर असा बसेल की लोक बघत राहतील. पोहायचा पोशाखही आपणच शिवू, असं त्यांनी ओघात सांगून टाकलं. मास्तरीणबाई त्यावर नुसतं "बघू" म्हणाल्या. तसं म्हणायला त्यांच्याकडे कारण होतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या ब्लाउजचं एक कापड गेली सात वर्षं कपाटाच्या खालच्या खणात घडी घालून पडलेलं होतं. आधी गिऱ्हाइकं, मग घरचे. दुकान बंद झालं तरी ही रांग काही पुढं सरकली नव्हती.

त्यामुळे मास्तरांनी त्यांना अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, गुडघ्यावर बसून टेपचं टोक जमिनीला टेकवलं आणि छातीपर्यंत माप घेतलं, तेव्हा मास्तरीणबाई पदर सावरून ताठ उभ्या राहिल्या.

"शेवटी माझा नंबर लागला म्हणायचा," त्या म्हणाल्या.

"बेचाळीस," मास्तर म्हणाले आणि पेन्सिलीनं लिहून घेतलं. माप चोख होतं. बाईंची उंची अठ्ठावन्न इंच, छातीपर्यंत बेचाळीस. इथंच थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण मास्तर थांबणारे नव्हते. कापड पाण्यात गेलं की आटतं, म्हणून त्यांनी तीन इंच वाढवले. सून म्हणाली, बाबा, जमीन म्हणजे कापड नव्हे. त्यावर मास्तरांनी विचारलं की ओली जमीन आटत नाही, हे तू कुठं वाचलंस? तिनं कुठंच वाचलेलं नव्हतं. मग आणखी तीन इंच सैलपणासाठी, कारण अगदी अंगासरशी तलाव बरा दिसत नाही. आणि सगळ्यात शेवटी सहा इंच माया. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, पुढंमागं उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर माया ठेवल्याशिवाय रुमालसुद्धा कापत नसत.

"उद्या तुझं अंग सुटलं तर?" त्यांनी बायकोला समजावलं.

"अंग सुटलं तर मी उंच होणार आहे का?"

मास्तरांनी हा प्रश्न गिऱ्हाइकांच्या प्रश्नांमध्ये जमा केला, म्हणजे ऐकला नाही. जास्त झालं तर दुमडता येतं, कमी पडलं तर काय जोडणार, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. बेरीज चोपन्न झाली. साडेचार फूट.

गवंडी आला तो आपली फूटपट्टी घेऊन आणि मास्तरांनीच शिवलेली पॅन्ट घालून. त्यानं कागद वाचला, मान तिरकी केली आणि विचारलं, "हे फरशी बसल्यावरचं तयार माप का खोदाईचं कच्चं?"

मास्तरांना गहिवरून आलं. इतक्या वर्षांत दुसऱ्या धंद्यातल्या माणसानं हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. दोघं ओट्यावर बसून तासभर बोलले. गवंड्याचंही म्हणणं होतं की कामात माया हवीच. तळाला काँक्रीट, वर गिलावा, त्यावर फरशी, याचा एक फूट त्यानं धरला. झाले साडेपाच. शिवाय आपला खोदाईवाला नेहमी अर्धा फूट कमी खोदतो, म्हणून त्याला सहा सांगायचे, हेही ठरलं. मास्तरांनी खडूनं जमिनीवर तलाव आखला. चारही कोपरे काटकोनात असल्याची खात्री केली, आखणी पुसून पुन्हा केली, आणि मगच त्यांचं समाधान झालं.

आता खोदाईवाला. त्यालाही आपला गवंडी पक्का माहीत होता. दर वेळी काम संपवून मशीन निघालं की हा माणूस मागून पळत येऊन "अजून थोडं काढ" म्हणतो. त्यापेक्षा आधीच जास्त काढलेलं बरं. त्यानं सहाचे सात खोदले, आणि कुणाला पळावं लागलं नाही याचा त्याला फार आनंद झाला.

दुपारी मशीन बंद झालं तेव्हा सगळं घर मागच्या दारी जमलं. कुणी काही बोलेना. वर काळी माती होती, तिच्याखाली तांबडी, तिच्याखाली पिवळट मुरूम, आणि सगळे थर सरळ रेषेत. एवढी वर्षं ज्या जमिनीवर आठ मशिनं खडखडत होती, तिच्या पोटात हे एवढं मोठं काहीतरी शांत पडून होतं, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सुनेनं नकळत आवाज खाली आणला, कुणी झोपलेलं असावं तसा.

मास्तर शिडीवरून खाली उतरले. तळाशी पोचून त्यांनी वर पाहिलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. वर आभाळाचा एक तुकडा होता. चारी कोपरे नेमके, कडा धारदार, कुठं वाकडा नाही, कुठं तिरका नाही. इतका सरळ तुकडा त्यांच्या कात्रीनं आयुष्यात कापला नव्हता. घरातले आवाज बंद झाले होते. काठावरून सून काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द वरच्यावरच विरत होते. मास्तर त्या तळाशी लहान मुलासारखे गोल फिरले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की काठ आपल्या डोक्याच्या बराच वर आहे.

त्यांचा हात टेपकडे गेला. टेपवर थांबला. आणि तसाच मागं आला.

नवा माल आहे, बसेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. तळाला काँक्रीट पडलं, तेव्हा त्यांना जरा हायसं वाटलं. पण गवंड्यानं शोभेसाठी काठावर अर्धा फूट उंच दगडी पट्टी बसवली, तेव्हा ते दोन दिवस मागच्या दारी फिरकले नाहीत. गवंड्यानं एका भिंतीलगत, बाईंच्या गुडघ्यांचा मान राखून, ठेंगण्या ठेंगण्या पायऱ्या बांधल्या आणि धरायला नळीचा कठडा केला. पायऱ्या जरा जास्तच झाल्या, तेव्हा त्यानं डोकं खाजवलं. पण माप मास्तरांचं होतं. मास्तरांचं माप चुकत नाही हे गावाला माहीत होतं, त्यामुळे त्यानं फरशी बसवून टाकली. महिन्यानं तलाव पुरा झाला.

पाणी भरायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी ऊन पाण्यावर आलं आणि मागच्या खोलीच्या छतावर प्रकाशाची जाळी हलायला लागली. मास्तरीणबाई खुर्चीत बसून किती तरी वेळ नुसत्या छताकडे बघत राहिल्या. सुनेच्या हातातली कपबशी हातातच राहिली. मास्तर दारात उभे होते. या घरात एवढं सुंदर काही कधी आलं नव्हतं, आणि ते आपण बायकोसाठी केलं होतं. पण आता ती पाण्यात उतरणार होती, आणि खोली त्यांनी अजून मोजली नव्हती.

"उतरू का मग?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"थांब," मास्तर म्हणाले. "शेवटची ट्रायल बघून घेतो."

त्यांनी गळ्यातला टेप काढला, त्याच्या टोकाला आपली जुनी लोखंडी कात्री वजन म्हणून बांधली आणि काठावर पालथं पडून टेप पाण्यात सोडला. सून उभी होती. गवंडीही कौतुकानं आला होता. कात्री खाली खाली गेली. बेचाळीस गेले. चोपन्न गेले. मास्तर आकडे मोठ्यानं म्हणत होते, ते पुटपुटायला लागले. अठ्ठावन्न गेले. आणि मग साठ आले आणि टेप संपला.

शिंप्याचा टेप साठ इंचांचाच असतो. त्यापेक्षा जास्त मोजायची वेळ धंद्यात सहसा येत नाही. मास्तरांच्या बोटात आता टेपची नुसती पितळी कड होती, आणि खाली कात्री अजून लोंबकळत होती. तळ कुठं होता ते तळालाच ठाऊक. मास्तर त्या पाण्याकडे बघत राहिले. भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटत होता. एवढी खोली त्यांनी कधी कशाला दिली नव्हती. तेवढ्यात बोटं ओली झाली, कड निसटली, आणि टेप कात्रीमागं सावकाश वळवळत निघून गेला.

मास्तर उठून बसले. गळ्यात टेप नव्हता. तो नसताना त्यांना सुनेनं कधी पाहिलंच नव्हतं. एकदम कुणीतरी परका माणूस अंगणात बसल्यासारखा वाटत होता.

"साठ संपले," मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "मी अठ्ठावन्न."

मास्तर कितीतरी कारणं शोधत होते. गिऱ्हाइकाची उंची कमी झाली म्हणावं, तर तिला त्यांनीच भिंतीला उभं करून मोजलं होतं. वाकडं उभं राहिलं म्हणावं, तर तेही नव्हतं. आणि गिऱ्हाईक दुसरं तिसरं कुणी नव्हतं. अडतीस वर्षांत एक वस्तू तिच्या मापानं करायला घेतली होती, आणि त्या वस्तूत ती बुडत होती.

"माप चुकलं," मास्तर म्हणाले.

खड्डा पाहून लोक गप्प झाले होते, पाणी पाहून गप्प झाले होते, पण ही शांतता त्या दोन्हींपेक्षा मोठी होती. सुनेनं तोंडावर हात ठेवला. गवंड्यानं टोपी काढली. मास्तरीणबाई नवऱ्याकडे अशा बघत होत्या, जणू छतावरची प्रकाशाची जाळी त्याच्या तोंडावर उतरली आहे.

"पुन्हा म्हणता का?" त्यांनी विचारलं.

मास्तर पुन्हा म्हणाले. मग त्यांनी घाईघाईनं सांगितलं की काळजी करू नकोस, तळाला दोन-तीन फूट भराव टाकतो, पॅन्ट खालून दुमडावी तसं दुमडून देतो, पंधरा दिवसांत काम होईल.

"काही दुमडू नका," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पाणी कमी भरा."

गवंड्यानं सुनेकडे पाहिलं. सुनेनं पाण्याकडे पाहिलं. मास्तरांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

"हे तुला आत्ता सुचलं?" त्यांनी विचारलं.

"महिना झाला. तुम्ही शिडीवरून उतरलात आणि कानावरची पेन्सिलसुद्धा दिसेनाशी झाली, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी ते दोन शब्द ऐकायचे होते."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरवलं. मास्तरांनी गुडघाभर पाण्यात शिरून कात्री आणि टेप शोधून काढले आणि टेप उन्हात वाळत घातला. मग पाणी पुन्हा हळूहळू चढवलं आणि टेपवर बेचाळीस आले तेव्हा बंद केलं. मास्तरीणबाई मागच्या दारातून आल्या, त्या गुडघ्यापर्यंतच्या काळ्या पोशाखात. मास्तर त्यांच्याभोवती एक पूर्ण फेरी फिरले. कुठं चुणी नव्हती, कुठं ओढ नव्हती. हा कुणी शिवला, असं त्यांनी चाचरत विचारलं, आणि उत्तर आलं की रेडीमेड आहे. आत माया किती आहे? अजिबात नाही. मास्तरांनी त्या दिवशी तेही गिळलं.

बाई कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या. आधी गुडघे दिसेनासे झाले, मग खांदे, मग डोकं. पाण्याचा आवाज येऊ लागला, चालण्याचा, संथ. घरातून त्या आता कुणालाच दिसत नव्हत्या. सून काहीतरी विचारायला बाहेर आली, इकडंतिकडं बघून परत गेली. थोड्या वेळानं खालून गुणगुणणं ऐकू आलं. मास्तरांनी बायकोला गुणगुणताना याआधी कधी ऐकलं होतं ते आठवून पाहिलं, आणि ते आठवेना.

"अहो," खालून हाक आली. "छातीला अगदी बरोबर लागतंय हं पाणी."

काठावर टॉवेल घेऊन बसलेल्या मास्तरांनी तो मांडीवर ठेवला. बेचाळीस. म्हणजे पहिल्या दिवशी भिंतीपाशी जे माप घेतलं होतं, तेच. इंचभर कमी नाही, इंचभर जास्त नाही. सैलपणा चुकला, आटणं चुकलं, माया चुकली, गवंडी चुकला, खोदाईवाला तर पारच चुकला. पण माप? मास्तर धडपडत उठले, काठावर ओणवे झाले आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडले, "अगं, ऐक! म्हणजे माप चुकलेलं नव्हतंच!"

खाली पाणी थांबलं. मास्तर आशेनं वाकून बघत राहिले.

"इथं वरचं काही ऐकू येत नाही," मास्तरीणबाईंनी खालून स्पष्ट सांगितलं, आणि त्या पुन्हा चालायला लागल्या.