वानखेडेकाका आणि जिंजरबाई

जानेवारीत वानखेडेकाकांच्या घरी जावं तर काका स्वेटर, मफलर आणि वर माकडटोपी घालून बसलेले, आणि शेजारच्या काचेच्या पेटीत जिंजरबाई नागपूरच्या उन्हाळ्यात लोळतायत! जिंजरबाई म्हणजे साप. नारिंगी, बिनविषारी आणि अत्यंत लाडावलेला. जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगला हीट म्हणजे नावालाच होती. पण त्या पेटीत पारा जरा इकडचा तिकडे होईल तर शपथ.

काका बॉयलर इंजिनिअर. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. साप कसा पाळावा हे विचारायला आपल्या लोकांत कोणी नव्हतं, आणि असतं तरी काकांनी विचारलं नसतं. पेटीच्या एका टोकाला, काचेच्या खालून, त्यांनी गरम पट्टी लावली होती, तिला थर्मोस्टॅट. वर जाळीच्या झाकणावर एक बल्ब. दुसरं टोक मुद्दाम थंड. दोन्हीकडे थर्मामीटर. "अख्खी पेटी तापवली तर तिनं जावं कुठं?" हा प्रश्न ते मला विचारत, पोस्टमनला विचारत, एकदा तर एका लग्नात त्यांनी नवरदेवाला विचारला. दुकानदारानं पेटीत ठेवायला विजेवर तापणारा दगड दिला, तो काका परत घेऊन गेले. सापाला पोट भाजलेलं लवकर कळत नाही म्हणे. आधी त्या दुकानदारालाच दगडावर हात ठेवायला लावला. छळवाद नुसता!

साप खरा त्यांच्या लेकीचा, सुजाताचा. ती नोकरीसाठी सांता क्लाराला गेली आणि साप बापाच्या गळ्यात पडला. काकू वारल्यापासून या बापलेकीला एकमेकांशी काय बोलावं तेच सुचत नसे. रविवारी दुपारी तिचा फोन येई. जिंजरनं खाल्लं का, कात टाकली का, टेंपरेचर किती. काका सगळं बैजवार सांगत. सापाचं संपलं की फोन संपला. मला भारी चीड यायची. अगं, त्या सापाला सांभाळणारा म्हातारा आहे ना, त्याची कर की चौकशी!

त्या हिवाळ्यात माझी आई साताऱ्याहून आली होती. एका रविवारी काका एडिसनला बुद्धवंदनेला निघाले, तेव्हा किल्ली तिच्याकडे देऊन गेले. तेवढं पाणी बदला, बाकी कशाला हात लावू नका, असं बजावूनही गेले. पण आईनं जन्मभर नागपंचमीला पाटावर काढलेले नाग पुजलेले. इथं खराखुरा, समोर, आणि तोही या थंडीत! तिनं पाणी बदललं, काचेला हळदकुंकू लावलं आणि स्वतःची चांगली लोकरीची शाल पेटीवर पांघरून घरी आली. बल्ब चालूच.

काका परतल्यावर आम्ही दोघी त्यांच्याबरोबरच आत गेलो. करपल्याचा वास. बल्बपाशी शाल तपकिरी पडली होती, आणि खाली जिंजर थंड टोकाच्या काचेला तोंड लावून निपचित पडली होती. काकांनी प्लग उपटले, झाकण काढलं, तिला अलगद उचलून ओल्या फडक्यावर ठेवलं. मी बर्फ आणू का विचारलं, तर नको म्हणाले, एकदम गार केलं तर झटका बसेल. आई बिचारी पुन्हा पुन्हा माफी मागत होती. आता हे बरसणार असं मला वाटलं. पण काका मटकन खाली बसले.

"मावशी, ही गेली तर पोरगी मला फोन कशाले करंल?"

मला रडूच फुटलं.

बऱ्याच वेळानं जिंजरनं जीभ बाहेर काढली. मग मान हलवली. आईनं हात जोडले. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. काकांनी लेकीला काही लपवलं नाही, शाल, बल्ब, सगळं सांगितलं. सांगताना आवाज नेहमीसारखा निघेना. मध्येच ते थांबले आणि नुसते ऐकत राहिले. मग रिसीव्हरवर हात धरून आमच्याकडे वळले.

"मी कसा आहो, असं विचारून राहिली ते. काय सांगू?"

"खरं ते सांगा," आई म्हणाली, आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली.