आयता खड्डा

या, जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही जरा पुढे या, कारण गोष्ट लहान आहे आणि लांबून ऐकली तर तिच्यातली मेख हातून निसटते. देव कुठल्या रूपात धावून येईल याचा नेम नाही, हे आपण सगळेच ऐकतो, माना डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो. आज त्याचा दाखला ऐका. कुणाला तो उजेडात भेटला म्हणतात, कुणाला वाऱ्यात. या गोष्टीतल्या माणसांना तो खड्ड्यात भेटला.

एक चौक होता. एका कोपऱ्यावर सलून, त्याच्यासमोर औषधांचं दुकान. तिसऱ्या कोपऱ्यावर दोन खोल्यांच्या घरात धाकटी बहीण राहायची, चौथ्या कोपऱ्यावर तळमजल्याला थोरली. धाकटीला सगळा चौक ‘मावशी’ म्हणायचा. थोरलीचे गुडघे कामातून गेले होते, जीभ मात्र ठणठणीत होती. मावशी रोज दुपारी डबा घेऊन रस्ता ओलांडायची, थोरलीला जेवायला वाढायची, दोघी जेवणभर भांडायच्या आणि मावशी रिकामा डबा घेऊन परत यायची. दोघींच्या तब्येती या भांडणावरच टिकून होत्या.

त्या चौकाच्या मधोमध पूर्वी एक खड्डा होता. असातसा नव्हे, वासरू बसलं असतं तर शेपूट तेवढं बाहेर राहिलं असतं. लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज करून तो बुजवून घेतला. रस्ता असा झाला की सलूनवाला म्हणाला, “माझ्या हातून एवढी गुळगुळीत दाढीसुद्धा कधी झाली नाही!” सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या रस्त्याने गाड्या अशा सुटल्या, जणू मागे वाघ लागलाय.

मावशी डबा घेऊन कडेला उभी राहायची. पाय पुढे टाकला की भुर्रकन गाडी, पाय मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारी या वयात नाच शिकतेय. डबा पोचेपर्यंत थंडगार.

“आज काय, डोंगराला वळसा घालून आलीस?” थोरली विचारायची.

“समोरूनच आले, ताई. गाड्या थांबत नाहीत.”

“तुला बघून कधी माणसं थांबली नाहीत, गाड्या कशाला थांबतील?”

थोरलीचा मुलगा, म्हणजे मावशीचा भाचा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा. एका रविवारी त्याने आईच्या खिडकीतून मावशीचा तो नाच पाहिला आणि तो तडक आईकडे वळला.

“आई, तू आता माझ्याकडेच चल. मावशी एक दिवस गाडीखाली जाईल आणि तू इथे उपाशी बसशील. महिनाअखेरीला गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव.”

थोरलीने त्या दिवशी जेवताना भांडण काढलं नाही. भांडण नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मावशी त्या दिवशी घरी परतली ती डबा तिथेच विसरून. नवरा गेला तेव्हा ती सावरली, मुलगी परदेशी गेली तेव्हाही सावरली. पण भांडायला समोर ताई नसेल तर घास घशाखाली उतरायचा कसा, हे काही तिला सुचेना.

म्हणून दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याला बरोबर घेऊन तिने रस्ते खात्याचं कार्यालय गाठलं. चौकात ‘थांबा’ असा एक फलक लावा, एवढंच मागणं. टेबलामागच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं. अपघात किती झाले तिथे?”

“एकही नाही,” मावशी म्हणाली, “देवाची कृपा.”

“मग चालू द्या की देवाच्याच कृपेवर. नियम असा आहे बाई, अपघाताशिवाय ‘थांबा’ मिळत नाही.”

“अहो, पण अपघात होऊ नये म्हणूनच तर फलक हवाय!”

“असं सगळेच म्हणतात. पण न झालेला अपघात मी कुठल्या रकान्यात भरू?”

“माणूस मेलेलंच लागतं का, साहेब?” सलूनवाल्याने विचारलं.

“छे, छे! आम्हालाही माणुसकी आहे. किरकोळ चालेल. नुसतं खरचटलं तरी चालेल. पोलिसाची नोंद तेवढी हवी.”

त्या संध्याकाळी सलूनमध्ये बैठक बसली. गिऱ्हाईकं अर्ध्या दाढीने चर्चेत सामील झाली. अपघात करायचा हे एकमताने ठरलं. कुणी करायचा यावर मात्र सगळे आरशात बघू लागले. शेवटी सलूनवाल्याची सायकल आणि औषधवाल्याची जुनी मोटार यांच्यावर जबाबदारी आली.

“मी हळूच येईन,” औषधवाला म्हणाला, “तू हळूच धडक.”

“हळूच म्हणजे? खरचटायला तर हवं ना.”

“मलमपट्टी माझ्याकडून.”

“फुकट?”

“फलक लागेपर्यंत.”

मावशीला राहवेना. “अरे, त्यापेक्षा मीच पडते की मधे. तसंही या हाडांचं आता काय करायचंय?”

“मावशी,” सलूनवाला कात्री खाली ठेवून म्हणाला, “तुम्हीच पडलात तर फलक कुणासाठी लावायचा?”

ठरल्या दिवशी ऐन दुपारी अपघाताची वेळ ठेवली होती. बातमी फुटायला वेळ लागतो थोडाच? चारी कोपऱ्यांवर माणसं जमली. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी छत्र्या. वरच्या मजल्यावरच्यांनी पाहुणे बोलावले. ओळखीतला पोलीसही सावली धरून उभा राहिला. आणि झालं काय, एवढी गर्दी बघून येणाऱ्या गाड्या एकेक करत थांबायला लागल्या.

“काय झालं हो?” एका मोटारवाल्याने काच खाली करून विचारलं.

“अजून नाही झालं. व्हायचंय.”

“मग थांबतो,” असं म्हणून त्याने गाडी बंद केली.

बघता बघता चारी रस्त्यांवर रांगा लागल्या. औषधवाला मोटार घेऊन आला तो रांगेतच अडकला. इकडे सलूनवाला सायकलवर टांग टाकून तयार, पण धडकायचं कुणाला?

“अहो, पुढे या ना!” तो ओरडला.

“कसा येऊ? पुढचे सगळे तुझाच अपघात बघायला थांबलेत!”

शेवटी सलूनवाल्याने देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि रांगेत शिरून औषधवाल्याच्या उभ्या मोटारीवर सायकल घातली. कोपर सोलवटलं, सायकलची घंटी उडाली, मोटारीचा एक दिवा फुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या सगळ्यात मावशी डबा घेऊन आरामात रस्ता ओलांडून गेली, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. थोरलीच्या आलं. “एवढं गरम आणतात का?” ती कडाडली. “जीभ भाजली माझी!”

फुटलेल्या दिव्यावरून त्या दोघांचं मात्र खरंखुरं वाजलं. “मी हळूच म्हणालो होतो!” “आणि मी खरचटायला हवं म्हणालो होतो!” त्या दिवसापासून औषधवाला घरच्या कात्रीने मिशी वाकडी कापू लागला आणि सलूनवाला खोकला अंगावर काढू लागला.

आता रस्ते खात्याचं कसं, तिथे एक खणणारा विभाग आणि एक ठरवणारा. खणणाऱ्यांना ठरण्याची वाट बघायची सवय नव्हती. अपघाताची नोंद पोचताच त्यांनी दोन कामगार धाडले. एक लांबुडका आणि एक आळशी. कडेच्या फरशीवर कुदळ चालेना, म्हणून आळशाच्या सल्ल्याने त्यांनी फलकाच्या खांबासाठी जरा अलीकडे, रस्त्याच्या कडेतच, खणलं. बाजूची माती ढासळली, खड्डा चांगला ऐसपैस झाला आणि दोघे निघून गेले.

मागोमाग ठरवणाऱ्या विभागाचं उत्तर आलं. अर्ज नामंजूर! पोलिसाच्या नोंदीनुसार अपघाताच्या वेळी चारी बाजूंची वाहनं थांबलेलीच होती. जिथे वाहनं आपण होऊन थांबतात, तिथे ‘थांबा’ या फलकाची आवश्यकता दिसून येत नाही.

मावशी पुन्हा कार्यालयात गेली. “आणि तो खड्डा हो, साहेब?”

“तो माझ्याकडे येत नाही, बाई.”

“नाहीच येत तो कुणाकडे. लोकच जातात त्याच्यात.”

महिनाअखेर उजाडली. भाचा गाडी घेऊन आला. खड्डा नव्हता त्या बाजूने आला, म्हणून येताना वाचला. ट्रंक चढली, उशा चढल्या, औषधांची पिशवी चढली. मावशीने डबा मांडीवर ठेवायला दिला.

“वाटेत खा. मीठ बरोबर आहे.”

“बरोबर कधी असतं तुझं?” थोरली म्हणाली. पण नेहमीचा जोर नव्हता आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. मावशीने पदर डोळ्यांना लावला.

गाडी सुरू झाली, कोपऱ्यावरून वळली आणि धप्पदिशी पुढचं चाक खड्ड्यात गेलं. आतून कसलासा लोखंडी आवाज आला.

“आलं का रे तुझं घर?” थोरलीने विचारलं.

गाडी काही हलेना. थोरलीला खुर्चीवर बसवून परत न्यायचं ठरलं. भाचा चाकाशी झटत होता, खुर्ची उचलायला जवळ होते दोघेच, सलूनवाला आणि औषधवाला.

“तू डावीकडून धर,” औषधवाला भिंतीकडे बघत म्हणाला.

“डावं कोपर अजून दुखतंय माझं.”

“मग बोलायचं होतंस, मलम होतं ना माझ्याकडे!”

“भांडायचं तर मला खाली ठेवून भांडा,” खुर्चीवरून थोरली म्हणाली. दोघे हसले आणि खुर्ची उचलली गेली.

भाच्याने गाडी दुरुस्तीला टाकली आणि तरातरा कार्यालयात जाऊन तक्रार ठोकली. खड्ड्याच्या तक्रारीला अपघात लागत नाही, नुसता आवाज चढवावा लागतो. नियम असा की खड्डा बुजवण्याआधी तिथे ‘पुढे खड्डा आहे, सावकाश जा’ असा फलक उभा करायचा. तसले फलक तर गोदामात थप्प्या लावून पडलेले, रस्ते गुळगुळीत झाल्यापासून त्यांना कुणी विचारत नव्हतं.

फलक आणि खांब घेऊन तेच दोघे आले. ऊन मी म्हणत होतं.

“कुठे खणू?” लांबुडक्याने विचारलं.

आळशाने आधी आभाळाकडे पाहिलं, मग कुदळीकडे, मग खड्ड्याकडे. “खणायचं कशाला? हा आहे की आयता.”

“अरे, पण या खड्ड्यासाठीच फलक आहे ना?”

“मग बरंच झालं, जवळ लागला.”

त्यांनी खांब खड्ड्यात उभा केला, माती लोटली, दगड ठोकून बसवले आणि पाणी मागायला मावशीच्या दारात आले. मावशीने त्यांना पाणी दिलं, वर डब्यातलंही वाढलं. आळशी कामगार जेवला आणि “मीठ बरोबर आहे हो, मावशी,” असं म्हणून तिथेच भिंतीला टेकून घोरू लागला.

काही दिवसांनी गाडी दुरुस्त करून भाचा परत आला. चौकाच्या अलीकडेच त्याला रांग लागलेली दिसली. प्रत्येक गाडी गोगलगायीसारखी सरकत होती, प्रत्येक चालकाने मान बाहेर काढली होती आणि प्रत्येकाचे डोळे रस्त्यावर खिळले होते. खड्डा दिसला असता तर ते त्याला वळसा घालून सुसाट गेले असते. दिसेना, म्हणून कुणाची हिंमत होईना. त्या सगळ्यांच्या मधून मावशी डबा घेऊन इकडेतिकडे न बघता चालली होती.

“मावशी!” भाच्याने हाक मारली. “खड्डा कुठे गेला?”

“असेल बाबा कुठेतरी. देव दिसतो का आपल्याला? तरी जपूनच वागतो ना?”

भाचा आईच्या दारात पोचला तेव्हा डबा त्याच्या आधी पोचला होता आणि भांडणही रंगात आलं होतं.

“आई, निघू या का?”

“कशाला? जेवण गरम आलंय. बस, तूही जेव. मीठ कमी आहे, पण तिला सांगून उपयोग नाही.”

भाचा बसला. त्या दिवशी गाडीतून उतरवलेली ट्रंक घरात होती तिथेच राहिली, पुढे तिच्यावर उशा आल्या आणि ती बसायच्या कामाला लागली.

मध्यंतरी चौकात एक सत्यवादी गृहस्थ राहायला आले. खड्डा नसताना फलक का, असा त्यांनी अर्ज केला. साहेब म्हणाले, “फलक काढायचा तर खड्डा बुजवल्याची नोंद हवी. बुजवायचा तर आधी सापडायला हवा.” तेव्हापासून अधूनमधून खात्याचा एक माणूस येतो आणि भर चौकात वाकून खड्डा शोधतो. तो वाकला की उरलीसुरली वाहनंही थांबतात.

मावशी अजून डब्यात एक घास जास्त घालते, त्या आळशी कामगाराच्या नावाचा. तो घासही थोरलीच खाते. म्हणून मंडळी, तुमच्याकडे एकच मागणं. निजताना देवापुढे हात जोडाल, तेव्हा कष्ट करणाऱ्यांची नावं घ्यालच. त्यांच्या शेवटी त्या एका माणसाचीही आठवण काढा, ज्याने एका दुपारी कुदळ उचलली नाही.