विज्ञानात रस

मी काशिनाथ बोरसे. उधन्यापासून पलसाण्यापर्यंत माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. दुसरा गुप्तहेरच नाही, हा मुद्दा मी सहसा काढत नाही. नजर घारीची, चष्मा लावला म्हणजे. पोटासाठी गुजरातेतल्या या उधन्याच्या एका शाळेत मराठी शिकवतो, पण पिंड शोधाचा.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पुढच्या वर्षी, ऑक्टोबरच्या भाजणाऱ्या दुपारी, मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंनी मला बोलावलं.

“बोरसे, नववीची पोरं विज्ञानाच्या खोलीतून हलत नाहीत. मधल्या सुट्टीतसुद्धा तिथेच. जरा बघा.”

मी दचकलो. हीच नववी विज्ञानाच्या तासाला पाणी प्यायला जायची आणि थेट मराठीच्या तासाला उगवायची. तीही उशिरा.

“भूपेंद्र सर काय म्हणतात?”

“म्हणतात, मुलांना विज्ञानात रस निर्माण झालाय.”

रस! मी चष्मा पुसला. गुजरातेत दारूबंदी. खोलीत चंबू, नळ्या, स्पिरिटचा दिवा. आणि रस निर्माण होतोय!

भूपेंद्र सर हा साधा माणूस. कित्येक वर्षं त्यांनी मुलांच्या जांभयांना न्यूटन समजावला होता. शेवटी कंटाळून ते दिवाळीनंतर शाळा सोडून मेव्हण्याच्या सुताच्या दुकानात बसणार होते.

“मेव्हण्याला नाही म्हणून कळवलं, बोरसे,” ते गहिवरून म्हणाले. “मुलं ऐकतात हो आता! मी बोलत असताना कोणी उठत नाही.”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांच्या खांद्यावरून चंबूवर नजर ठेवली. ते वळताच चंबूतला नितळ, स्वच्छ द्रव मी घोटभर चाखला. डोकं गरगरलं. जीभ जड झाली.

“अहो, ते डिस्टिल्ड वॉटर आहे,” सर म्हणाले. “तहान लागली होती का?”

गरगरणं लगेच थांबलं. मी दुसरा धागा धरला. लखन नावाच्या मुलाची बोटं निळी होती. उघड होतं: पोरं चोरून कापडाचा रंग बनवतात आणि जवळच्या सचिन गावातल्या कारखान्यांना पुरवतात! मी त्याचं मनगट पकडलं. त्याने खिशातून गळकं पेन काढलं आणि माझ्या सदऱ्यालाही निळा डाग पडला.

मग प्रेमप्रकरणाची शंका घेऊन मी मागच्या बाकावर पाळत ठेवून बसू लागलो. तिथे विचार फार छान सुचत. सदऱ्याची कॉलर फडफडे, केस उडत, आणि थोड्याच वेळात मला इतकी गाढ झोप लागे की संशयितांना मला हलवून उठवावं लागे. या झोपेमागेही कुणाचा तरी हात असणार, असं मी प्रमिलाबाईंना कळवलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“चला, मीच येते,” त्या म्हणाल्या.

आम्ही भर तासाला आत शिरलो. मी घसा साफ करून कटाची मांडणी सुरू करणार, तेवढ्यात बाईंनी पहिल्या बाकावरच्या हर्षदाला सरळ विचारलं, “काय गं, सगळे इथेच का बसता?”

हर्षदाने वर बोट केलं. “बाई, पंखा.”

“आख्खी शाळामा आठेच पंखा शे,” अख्ख्या शाळेत पंखा इथेच, असा पुरावा लखनने अहिराणीत जोडला.

ट्रस्टींनी गेल्याच महिन्यात बसवलेला तो पंखा गरगरत होता. घारीच्या नजरेला वर बघायचं सुचलं नव्हतं.

पण कोणालाच हसू आलं नाही. भूपेंद्र सरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी खडू खाली ठेवला, भिंतीपाशी जाऊन पंखा बंद केला आणि हळूच म्हणाले, “जा. ज्यांना जायचंय त्यांनी जा.”

काही मुलं उठली. हर्षदा खाली मान घालून बसून होती. मग म्हणाली, “सर, पण पंख्यातून गार हवा कुठून येते?”

“येत नाही. हवा तीच असते.”

“मग गार कसं लागतं?”

सरांनी दाराजवळच्या माठातलं पाणी तिच्या मनगटावर शिंपडलं. “फुंकर मार.”

तिने मारली. “गार!”

“आता कोरड्या हातावर.”

उठलेली मुलं माठाकडे धावली. सगळ्या खोलीत फू फू सुरू झालं. खोलीची भट्टी झाली.

“सर, पंखा लावू का?” लखनने विचारलं.

“थांब! आधी नीट घाम येऊ दे!” सर ओरडले आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसले. खडू पुन्हा त्यांच्या हातात होता.

मीही मनगट ओलं करून फुंकत होतो. शाळेत असताना हे मला कोणी विचारू दिलं असतं, तर विज्ञानात मी निदान काठावर तरी पास झालो असतो.

“बोरसे,” प्रमिलाबाई म्हणाल्या, “तुमचा दहावीचा तास कधीच सुरू झालाय.”

मी धावत वर्गात गेलो. एकही मूल नव्हतं. सगळी दहावी विज्ञानाच्या खोलीच्या खिडकीशी उभी राहून हातावर फुंकर मारत होती.

माझ्या तासाला मुलं का थांबत नाहीत, हे हर्षदाला विचारणं सोपं होतं. पण काही प्रकरणं गुप्तहेराने उघडायची नसतात.