तो लाडू बुक हाय

आमच्या शेजारच्या गौराक्का दरवर्षी बावीस डिसेंबरला संक्रांत करतात. एकट्याच करतात. काळी इरकल नेसून, गळ्यात शिंप्याची टेप अडकवून, हातात स्टीलचा डबा घेऊन त्या तळमजल्यापासून दारोदार तिळगूळ वाटत वर येतात. तेव्हा बाकीच्या सोलापूरने अजून तीळ निवडायलाही घेतलेले नसतात.

ईरा आणि निहार, तुम्ही परदेशातून नेहमी जुलैत येता, म्हणून हा सोहळा तुम्ही पाहिलेला नाही. क्रमाने सांगते.

गौराक्का मूळच्या मैंदर्गीच्या. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिवणकाम शिकवलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर त्या आमच्या बिल्डिंगमध्ये, माझ्या भिंतीला भिंत लावून राहायला आल्या. शाळा सुटली, पण गळ्यातली टेप सुटली नाही. भाजीवाल्याचा दुधी त्या लांबी मोजून घेतात. आमचा नवा फ्रिज आला तेव्हा जिन्यात उभं राहून, "वैनी, दोन बोटं अडकतंय बगा," असं त्यांनी खालूनच जाहीर केलं. हमालांनी ऐकलं नाही. शेवटी आमच्या स्वयंपाकघराचं दार बिजागरीतून काढावं लागलं, आणि दिवसभर त्या शेजारपाजारी "दोन बोटं म्हणले हुते की मी!" असं सांगत फिरल्या.

पण त्यांचं खरं गिऱ्हाईक म्हणजे सूर्य.

डिसेंबर लागला की रोज भर दुपारी त्या गच्चीवर जातात. पाण्याच्या टाकीची सावली जिथे संपते तिथे कपड्यावर खुणा करायच्या खडूने रेघ मारतात. सावली रोज थोडी लांबत जाते, पुढे लांबेनाशी होते, आणि मग आखडायला लागते. म्हणजे सूर्य दक्षिणेकडून परत फिरला. तुमच्याकडे चारलाच दिवे लागतात, तुम्हाला हा सगळ्यात छोटा दिवस अंगावर येत असेल. आमच्याकडे तो आला कधी आणि गेला कधी, कुणाला कळत नाही. एका गौराक्कांना कळतो.

एकदा मीही वर गेले होते. रेघेवर रेघ पडत होती.

"आज काही फरक दिसत नाही, गौराक्का."

"थांबलाय त्यो. वळायच्या आधी कुणीबी जरा थांबतंयच की, वैनी."

पहिल्या वर्षी त्यांनी डिसेंबरात तिळगूळ माझ्या हातावर ठेवला तेव्हा मला त्यांची काळजीच वाटली. मी सहज विचारल्यासारखं करून त्यांना आजचा वार विचारला. त्यांनी वार, तिथी आणि तारीख सांगितली, वर म्हणाल्या, "डोस्कं ठिकाणावर हाय माझं. सूर्य आज वळतोय. त्याला क्यालेंडर वाचता येत न्हाय, त्याला मी काय करू?"

शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं बरोबर होतं. पण संक्रांत शास्त्राने थोडीच येते? ती येते बाजरीची भाकरी घेऊन, गड्ड्याच्या यात्रेतले पाळणे घेऊन. बिल्डिंगमधले लोक हसत हसत लाडू खायचे आणि चौदा जानेवारीला उलट आपला तिळगूळ त्यांना द्यायचे. तोही त्या घ्यायच्या. "शिळा हाय, पण चालतंय," म्हणायच्या.

आणखी एक गंमत होती. डब्यात नेहमी एक लाडू उरायचा. कुणी हात घातला की झाकण पटकन बंद. "तो बुक हाय." कुणासाठी, ते सांगायच्या नाहीत. पोरांनी त्याचा खेळच केला होता. जिन्यात ओरडायची, "अक्का, आमचा पण एक बुक करा की!" मीही हसायचे. इतकी वर्षं भिंतीला भिंत, पण तो लाडू कुणाचा, हे मी कधी नीट बसून विचारलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

यंदा मात्र भांडण झालं. आमचे सेक्रेटरी घाटगे माझ्या समोरच्याच दारात राहतात. त्यांनी दिवाळीनंतर गच्चीला गळतीविरोधी पांढरा रंग मारून घेतला. रंग वाळला नाही तोच त्यावर गौराक्कांचा खडू चालला. घाटगे चिडले. "अक्का, ही गच्ची आहे, तुमच्या शाळेचा फळा नाही!" गौराक्का म्हणाल्या, "फळा असता तर तुमाला पयल्या बाकावर बसवलं असतं. लई बडबडताय." सगळा जिना हसला, आणि घाटग्यांनी गच्चीला कुलूप घातलं. मग बोलणं बंद. टाकीची सावली यंदा कुणी न मोजताच लांबत राहिली.

बावीस तारखेला गौराक्का नेहमीसारख्या निघाल्या. खाली दोन नवी बिऱ्हाडं आली आहेत, पोरंही बरीच. माझ्याकडे आल्या तेव्हा डबा वाजत होता. मला देऊन त्या वळल्या आणि समोरच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बेल वाजवावी की नाही, असं करत टेपेचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग वाजवली.

घाटग्यांनी दार उघडलं. काळ्या साडीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"अक्का, संक्रांतीला या. तेव्हा घेतो. गोडसुद्धा बोलतो."

दार लोटायला त्यांनी हात उचलला. गौराक्का हलल्या नाहीत.

"मी पण असंच म्हणले हुते," त्या म्हणाल्या. "माझ्या भनीला. धाकटी माझी, नीला, जेऊरला दिलेली. आईच्या शिलाई मशीनवरनं बोलत नव्हतो आमी. कैक वर्सं. डिसेंबरात भाचीचा फोन आला, मावशी, आई आजारी हाय, तुमचं नाव काढती. मी म्हणले, संक्रांतीला येते, तिळगूळ घेऊन. आपणहून, रिकाम्या हातानं कशी जाऊ? सणाचं निमित्त पायजे हुतं मला. सूर्य वळला तरी मी आपली तारखेची वाट बगत बसले. भोगीच्या आधीच गेली ती."

घाटग्यांचा हात दारावरच राहिला होता. मग तो खाली आला, आणि तळवा पुढे झाला.

गौराक्कांनी डबा उघडला. आत एकच लाडू होता.

तो कोणता, हे आम्हा दोघांनाही कळलं. घाटग्यांनी तळवा थोडा मागे घेतला. "अक्का, हा तर बुक असतो ना?"

"असतोय की." त्यांनी लाडू उचलला. क्षणभर तो त्यांच्याच हातात राहिला. "दरवर्सी घरी नेते नि तसाच वाळतोय. घ्या तुमी. नीला काय बोलायची न्हाय."

घाटग्यांनी लाडू घेतला. खाल्ला नाही. हातात तसाच धरून आत गेले आणि गच्चीची किल्ली घेऊन आले. ती पुढे करण्याऐवजी स्वतःच जिना चढायला लागले. डबा माझ्या हातात देऊन गौराक्का त्यांच्यामागे गेल्या. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "सैल सोडू नका हो टेप! ताणून धरा. शाळेत गेलाता का न्हाय कदी?"

मी डबा घासून पुसून ठेवला आहे. अजून त्या न्यायला आलेल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यात एक लाडू जास्त असेल का, हे मला विचारायचं होतं. विचारणार नाही.

तुमच्या तिळाच्या वड्या मात्र मी आजच पार्सलने पाठवते आहे. संक्रांतीच्या आधीच पोहोचतील. पोहोचल्या की लगेच खा.