घरशाळेच्या पुस्तकगडाची हकीकत

श्रीरामेश्वर प्रसन्न. शके एकोणीसशे बत्तीस, मार्गशीर्ष मासी, मौजे आचरे येथे जी मोहीम घडली ती पुढील पिढीने थट्टा समजोन टाकू नये, याकरिता जैसे घडले तैसे लिहिले असे.

राजमान्य राजेश्री गुरुदासराव तीस वर्षे गावच्या वाचनालयाची ग्रंथपाली करून घरी बसले होते. स्वभावे अत्यंत भिडस्त. वाचन अपार, परंतु अमुक पुस्तक चांगले ऐसे मुखावाटे निघावयाचे झाले की पुढे ‘बहुधा’ हा शिपाई उभा. त्यांच्या सूनबाई वर्षालीबाईसाहेब करारी, त्यांनी लेक संचिता हीस घरीच शिकवावयाचे आरंभिले, आणि ऐसीच घरशाळा चालविणारे आईबाप मुलुखोमुलखींहून “पोरांस वाचावयास काय द्यावे?” म्हणोन पुसू लागले, मग बाईसाहेबांनी माजघरातील संगणकावर वेबसाइट उभारिली. तट झाले, दरवाजा झाला. आत दाणागोटा नाही. सबब पुस्तकांच्या शिफारशी मामंजींनी लिहाव्या, ऐसा हुकूम सुटला. गुरुदासरावांनी महिनाभर खपून एक लिहिली, ती ऐसी की, ‘हे पुस्तक बहुधा बरे असावे. न आवडल्यास दोष आमचा.’ खाली नाव नाही.

इतक्यात खारेपाटणाहून प्रियांका नामे बाईंचा ई-मेल आला की, घरी शिकणारा लेक पुस्तकास शिवत नाही, आणि तो महिनाअखेर वाचू न लागल्यास शाळेत परत धाडावा ऐसे सासूबाईंचे फर्मान आहे. तरी एकच पुस्तक सांगावे, चुकू नये. ‘चुकू नये’ हे शब्द गुरुदासरावांस तोफगोळ्यासारखे लागले आणि त्यांचे जेवण तुटले.

तो देवाचा कौल होऊन गावपळण आली. काही वर्षांनी एकदा अवघा गाव, गुरे-कोंबड्यांसुद्धा, तीन दिवस शिवेबाहेर झोपड्या बांधून राहतो आणि देवाने पुन्हा कौल दिल्याविना आत पाऊल टाकीत नाही, ही वहिवाट. त्याप्रमाणे कूच झाले आणि तळ पडला आणि गुरुदासरावांच्या पत्नी राधाबाईसाहेबांनी तांदळाची पेटी उघडिली, तो आत पुस्तके! पेट्या दोन, दिसावयास एकसारख्या. टेम्पोत भलतीच चढविली, तीही स्वतः रावांनी.

“आता तीन दिस काय पुस्तका शिजवन जेवतलास?”

“चूक बहुधा माझीच...”

“बहुधा?”

शेजारच्या झोपडीतून मासळीवाल्या लक्ष्मीबाईंची कुमक आली. “वयनी, तांदूळ माझ्याकडचे न्हेवा. पण ह्या माझ्या तीन वांदरांका भाऊंनी सांभाळूक व्हया. माका रांधूक दिनत नाय!”

तह झाला. मग तीन वानरे आली आणि तिनाची तेरा झाली आणि गुरुदासराव पेटीमागे दडले. वानरांनी पेटी लुटिली. चकचकीत पुस्तके चाळून टाकिली. परंतु होडीतून एकटेच निघालेल्या आजोबांचे एक फाटके पुस्तक होते, त्यावर घनघोर रण माजले. अखेर लक्ष्मीबाईंची मधली लेक विमला ते दाती धरून काजूच्या झाडावर चढली आणि वरूनच मोठ्याने वाचू लागली, आणि खाली बाराजण माना वर करून उभे. होडी वादळात सापडली आणि विमला थांबली.

“वाच गो!”

“फुडचा पान नाय. फाटला आसा.”

“मगे आजोबा बुडलो?”

तेव्हा चारचौघांत कधी न बोललेले गुरुदासराव पेटीमागून उठले आणि ते हरवलेले पान मुखोद्गत बोलते झाले, अडखळल्याविना, आणि आजोबांस किनारी लाविले. मग तीन दिवस कोणत्या पोराने कोणते पुस्तक परत दिले नाही, याची ते टिपणे घेत राहिले.

देवाने कौल दिला, गाव परतला. रावांनी एका बोटाने संगणकावर शिफारस चढविली: ‘हे द्यावे. मूल झाडावर घेऊन गेल्यास जाऊ द्यावे. गुरुदास, आचरा.’ आणि हरवलेले पान स्वहस्ते लिहून, जागी चिकटवून, पुस्तक टपालाने खारेपाटणास रवाना केले.

सूनबाईंनी ती दोनदा वाचिली. “बाबानू, तुमचो ‘बहुधा’ खंय गेलो?”

“शिवेभायर र्‍हवलो.”

आठवे दिवशी खारेपाटणाहून उत्तर आले की, लेकाने पुस्तक दोनदा वाचिले. आता ते सासूबाईंकडे आहे, त्या पानापाशी चष्मा पुसत बसल्या आहेत आणि दुसरे कोणते म्हणोन पुसतात. शाळेचे फर्मान तूर्त तहकूब.

येणेप्रमाणे खारेपाटण एका फाटक्या पुस्तकाने सर जाहले. राधाबाईसाहेबांनी तांदळाच्या पेटीस तांबडा रंग दिला. फत्ते रावांच्या नावानिशी दप्तरी दाखल असे.